घटाच्या कपाटाला पाडलेली भोकं

आश्विन शुद्ध षष्ठी. सकाळचा स्वयंपाक बाजूला ठेवून मी चुलीत लोखंडी सळई तापवत बसले होते. सळई लाल झाली की चिमट्यात धरून आतल्या खोलीत न्यायची आणि घटाच्या कपाटाला भोक पाडायचं, एवढंच काम होतं. खिळा आणि हातोडी घेऊन ते चुटकीसरशी झालं असतं. पण घट एकदा बसला की तो उठेपर्यंत हलवायचा नाही, त्याला धक्का लागू द्यायचा नाही, ही आमच्या घरची रीत. म्हणून सळई. लाकूड जाळत जाईल, पण हिसका देणार नाही.

भीती होती, खोटं कशाला सांगू. सळईची नव्हे. दुसऱ्या दिवशी सकाळच्या मोटारीनं मुलगा बार्शीहून येणार होता, आणि तो यायच्या आत तो दिवा सरळ जळायला हवा होता.

हे जरा मागून सांगायला हवं.

आमचा जिल्हा हैदराबादकडून मुंबई राज्यात आला त्याला तेव्हा फार काळ झाला नव्हता. आमचे हे परंड्याच्या कचेरीत कारकून. उर्दूतल्या जुन्या कागदांची मराठी करता करता रोज उशिरा घरी यायचे. किल्ल्याच्या अंगाला एका मुसलमान कुटुंबाच्या घरात आम्ही दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. घर चांगलं, माणसं त्याहून चांगली. खोट एकच, खंदक जवळ असल्यामुळं उंदीर आणि घुशी. भिजत घातलेली मटकी सकाळपर्यंत राहील याचा भरवसा नव्हता.

आमच्याकडं घट कधी बसत नसे. तो गावाकडं, थोरल्या जाऊबाईंच्या घरी. देव तिथले, मान तिथला. पण त्या वर्षी पावसात गावच्या घराची मागची भिंत बसली आणि देवघर उघडं पडलं. भिंत उभी होईपर्यंत देव आमच्याकडं आणायचे ठरले. देवांबरोबर जाऊबाई येणार हे ओघानं आलंच.

घट म्हणजे काय ते ज्यांच्या घरी नसेल त्यांच्यासाठी लिहिते. पत्रावळीवर चाळलेली काळी माती पसरायची, तिच्यात गहू, जवारी, करडई, हरभरा असं धान्य पेरायचं, मधोमध पाण्यानं भरलेला मातीचा घट ठेवायचा. घट पाझरतो, वरून थोडं पाणी रोज घालायचं. रोज एक फुलांची माळ घटावर सोडायची आणि शेजारी दिवा अखंड ठेवायचा. दसऱ्यापर्यंत पिवळसर कोंब वीतभर वर येतात. उघड्या खोलीत हे सगळं ठेवलं असतं तर आमच्या उंदरांचं नवरात्र सुरेख झालं असतं.

म्हणून मी कपाट केलं. घरमालकांचं किराणा दुकान होतं. त्यांच्याकडून साबणाच्या खोक्यांच्या फळ्या मागून आणल्या, सुताराकडून मापात कापून घेतल्या आणि स्वतः ठोकल्या. खाली फळी, वर फळी, तीन बाजू बंद, पुढं तळाला एक आडवी फळी आणि तिच्यावर जुन्या खिडकीची बिजागरी लावून दार. माळा टांगायला छताला आतून खिळे. उंची माझ्या कमरेच्या जरा वर. फळ्यांना फळ्या अशा चपखल बसल्या होत्या की सुतार बघायला आला तेव्हा म्हणाला, "बाई, ह्याच्यात पाणी भरलं तरी गळायचं न्हाय." मला ते कौतुक वाटलं. खरं तर रोगाचं नाव त्यानं तिथंच सांगितलं होतं.

जाऊबाई बैलगाडीतून आल्या, देवांचं गाठोडं मांडीवर. कपाट पाहून म्हणाल्या, "देवीला खोक्यात कोंडतीस व्हय ग धाकटे?" मी उंदरांच्या लेंड्या दाखवल्या. त्यांनी गाठोडं माझ्या हातात दिलं. प्रतिपदेला घट बसला.

आता सूनबाईचं. मुलाचं लग्न त्याच वैशाखात झालं होतं. मुलगा बार्शीला गिरणीत नोकरीला, जागा मिळेपर्यंत सून आमच्याजवळ. मुलगी लोहारा गावाकडची. बोलायला कमी, कामाला नीट. आमच्या घरात नव्या सुनेनं पहिल्या नवरात्रात घटात धान्य पेरायचं आणि रोजचं पाणी तिनंच घालायचं, असं चालत आलं होतं. कोंब कसे येतात त्यावरून सून घराला कशी लाभणार ते बायका ठरवत. मी हे हसण्यावारी नेलं असतं. पण आमच्या चुलत सासऱ्यांच्या घरी एका सुनेचा घट काळा पडला होता. दसऱ्यानंतर तिला थोडे दिवस म्हणून माहेरी पोचवलं, ती अजून माहेरीच आहे. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं.

त्यात जाऊबाईंच्या मनात त्यांची भाची होती. आम्ही ही मुलगी केली. त्या लग्नात जेवल्या, पण पंगतीत वाढायला उठल्या नाहीत. आणि मुलगा त्यांच्या शब्दाबाहेर नाही. पोलीस ॲक्शनच्या आधीच्या धामधुमीत आम्ही त्याला त्यांच्याबरोबर सरहद्दीपलीकडं त्यांच्या माहेरी ठेवला होता. पुढं शाळाही तिथंच झाली. मला तो आई म्हणतो, त्यांना मोठी आई. मोठ्या आईनं एकदा म्हटलं असतं की ही मुलगी घराला लाभत नाही, तर त्यानं माझ्याशी वाद घातला नसता. बार्शीला जागा मिळत नाही, एवढंच कळवत राहिला असता. मी त्याला ओळखते.

तिसऱ्या माळेला दुपारी दिवा विझला.

सूनबाईनं तेल घालायला दार उघडलं आणि तशीच उभी राहिली. समईत तेल होतं, वात होती, ज्योत नव्हती. जाऊबाई आल्या. "वारा लागला आसंल. कुठंतरी फट हाय." दिवा पुन्हा लावला, देवीची क्षमा मागितली, आणि दाराच्या कडेला चिंध्या भरल्या. संध्याकाळच्या आत ज्योत पुन्हा गुंजेएवढी झाली. दार उघडून धरलं तर वर आली. लावलं तर खाली. जाऊबाईंनी शेण मागवलं आणि स्वतःच्या हातानं फळ्यांचे सांधे लिंपून घेतले. चौथ्या माळेला सकाळी दिवा पुन्हा गेलेला.

"आता फट न्हाय, वारा न्हाय," जाऊबाई म्हणाल्या. "मग दिवा कोण इझवतंय?"

त्यांनी सूनबाईकडं पाहिलं. "लोहाऱ्याकडं वाती कशा वळत्यात ग? आजपासनं पाणी मी घालीन. तू लांबनंच नमस्कार कर."

मुलगी मागं सरली. तिनं तांब्या खाली ठेवला, आणि मी दिवा पुन्हा लावला तेव्हा मला हळूच म्हणाली, "आत्या, ह्यातनं लावून एक निरांजन बाहेर ठिवू का? आतला गेला तर ह्याच्यावरून लावता येईल. तीच ज्योत ऱ्हाईल." मी म्हटलं ठेव. त्या दिवसापासून ज्योत तुटली नाही असं म्हणायची सोय झाली, तिच्यामुळं झाली. जाऊबाईंनी निरांजन बघितलं आणि राहू दिलं.

पाचव्या माळेला घरमालकीण तरवडाची फुलं घेऊन आली. त्यांच्या मळ्याच्या बांधावर तरवड होता आणि माळेला फुलं ती रोज आणून द्यायची. आम्ही तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणायचो. आतल्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर ती नेहमी थांबे. मी माळ सोडायला दार उघडलं आणि आतली वाफ माझ्या तोंडावर आली. कोमट, ओली, तेलकट. खालानं तिथूनच नाक उडवलं.

"भाबी, हे कपाट हाय का हमाम?"

मला हसू आलं, पण आत बघितल्यावर गेलं. छताला पाण्याचे थेंब धरले होते. आधीच्या माळा काळ्या पडून चिकटल्या होत्या. आणि पत्रावळीच्या उजव्या अंगाला जवारीचे कोंब जमिनीलगत मऊ पडून आडवे झाले होते. त्यांच्या बुडाशी पांढरी, कापसासारखी बुरशी.

मी दार लावलं. खालाला म्हटलं, कुणाला बोलू नका. ती म्हणाली, "मी कशाला बोलू? पर भाबी, तुमची जाऊ बोलंल, तिला कोण सांगणार?" आणि जाता जाता, "आमच्या मटणाच्या कपाटाला जाळी हाय म्हणून ते वास मारत न्हाय. त्या जाळीचा तुकडा देऊ का?"

"द्या. जाऊबाई तुम्हाला आणि मला दोघींना खंदकात टाकतील."

"लई दिवस झाले खंदक साफ करून," खाला म्हणाली, "दोघी मिळून करू."

ती गेली आणि मी चुलीपुढं बसले. हमाम म्हणजे न्हाणीघर. वाफ, धूर, पाणी, सगळं आत, आणि जायला वाट नाही. पहिले दोन दिवस सांध्यांतून थोडी वाट असावी, ओलीनं फळ्या फुगल्या तशी तीही बुजली. नुसता खोलीत कंदील ठेवला तर तो रात्रभर जळतो. कपाटात तासाभरात मान टाकतो. वारा लागून जाणारा दिवा फडफडून जातो. हा फडफडत नव्हता. हळूहळू निळा होऊन बुडत होता. असा दिवा मी आधी पाहिला होता. कुठं ते आठवायला वेळ लागला नाही. गावाकडं, पेवाच्या तोंडाशी.

आमच्या गावच्या घरापुढं जवारी साठवायची पेवं होती, जमिनीत खोल खणलेली. पावसाळ्यानंतर पेव उघडलं की आधी तसंच मोकळं सोडायचं, मग दोरीनं कंदील खाली सोडायचा. कंदील जळत राहिला तर माणूस उतरेल. विझला तर त्या दिवशी कुणी पाय घालायचा नाही. आणि हा कंदील सोडण्याचं काम वर्षानुवर्षं कोण करी? थोरल्या जाऊबाई. गड्यांवर त्यांचा विश्वास नव्हता.

त्या दिवशी दिवेलागणीला त्या देवीपुढं जपमाळ घेऊन बसल्या होत्या. मी शेजारी जाऊन बसले.

"बाई, पेव उघडल्यावर तुम्ही आधी काय करता?"

"काय करता म्हंजी? मोकळं ठिवतो. मग कंदील सोडतो. तुला ठावं न्हाय व्हय?"

"कंदील विझला तर?"

"तर कुणी उतरायचं न्हाय. आत हवा कोंडल्याली आसती. माणूस चक्कर यिऊन पडतंय." त्यांनी माळ थांबवली. "आत्ता ही काय चवकशी?"

"मग ह्या कपाटात दिवा विझला तर?"

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "पेवात जवारी आसती. हितं देवी हाय. दोन्ही एका मापानं मोजतीस?"

"देवीचं नाही म्हणत मी. दिव्याचं म्हणते. वातही तीच आणि तेलही तेच."

"शिकल्याली तू," त्या म्हणाल्या. मी चौथीपर्यंत शिकलेली. पण आमच्या घरात ते टोचायला पुरत असे.

"दार उघडं ठेवलं तर उंदीर आहेत. म्हणून खालच्या बाजूला भोकं पाडते. आणि वरच्या बाजूला."

"वरच्या बाजूला न्हाय. देवीच्या डोक्यावर भोक पाडायचं? आन् हातोडा?"

"हातोडा नाही. सळई तापवून."

त्यांनी माळ पुन्हा फिरवायला घेतली. माळेचे मणी सरकत होते, पण जप होत नव्हता हे मला दिसत होतं. त्या घाबरलेल्या होत्या हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. त्यांची भिंत पडली होती, देव परक्या घरात बसले होते, दिवा विझत होता. दोष सुनेचा नसेल तर मग तो कुणाचा, हा प्रश्न त्यांनाही होता.

"पाड," शेवटी त्या म्हणाल्या. "खालनं पाड. पर सांगून ठिवते धाकटे, धक्का लागला, न्हायतर त्याउप्पर दिवा गेला, तर मी गप बसणार न्हाय. परवा पोरगं येतंय. जे दिसंल ते त्याला सांगणार. मला खोटं बोलाय येत न्हाय."

म्हणजे मीच पैज लावून बसले होते, आणि पैजेवर ठेवलेली वस्तू माझी नव्हती. सूनबाई दाराआड कणीक मळत होती. तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं परात उचलली आणि अंगणात जाऊन मळू लागली.

तर षष्ठीची सकाळ. सळई लाल झाली. पहिल्या खेपेलाच कळलं की हे एकटीचं काम नाही. दोन्ही हातांनी सळई दाबून धरावी लागायची, आणि जळका कोळसा आत घटावर पडू नये म्हणून आतल्या बाजूनं कुणीतरी पत्रा धरायला हवा. सूनबाईला जवळ यायला मनाई. आमचे हे दारात येऊन "मी धरू का?" म्हणाले. जाऊबाई म्हणाल्या, "भाऊजी, तुमी कचेरीत जावा. तुमच्या हातात कागद शोभतो." ते खुशीनं गेले.

मग पत्रा कुणी धरला? जाऊबाईंनीच धरला. कपाटाच्या दारातून हात आत घालून, मान वळवून, डोळे मिटून. सूनबाई चुलीपाशी एक सळई तापवत ठेवायची आणि दुसरी मला आणून द्यायची. धूर निघे, लाकूड चर्र करी, आणि जाऊबाई आतून बोलत राहात.

"हळू. हळू ग. हाताला चटका बसला माझ्या."

"पत्रा जरा खाली घ्या, बाई."

"खालीच हाय. डोळं फुटलं का तुझं? देवी, माफ कर. ही बाई येडी हाय, मीबी तिच्या नादी लागले."

दाराखालच्या फळीला ओळीनं भोकं पडली. बोटाएवढी. उंदराचं पिल्लू घुसू नये म्हणून मी जुन्या पितळी चाळणीचा तुकडा कापून आणला होता. तो आतून लावून कडेला मेण ओतलं, कारण खिळा मारायची सोय नव्हती. दिवा लावलेलाच होता. दार लावलं. खोलीत अंधार होता, त्यामुळं खालच्या भोकांतून शेणानं सारवलेल्या जमिनीवर उजेडाचे ठिपके पडले. दार न उघडता दिवा आहे की नाही ते आता बाहेरून दिसत होतं. मी स्वयंपाकाला लागले. भाकरी थापायची, आणि उठून ठिपके बघायचे. जाऊबाईंना उपास, त्या तिथंच बसून.

पहिली चवड झाली तोवर ठिपके होते. पिठलं उकळलं तोवर होते. ताटं घेतली तेव्हा ते विटकरी झालेले दिसले.

"झालं?" जाऊबाई म्हणाल्या. फक्त एवढंच.

मी दार उघडलं. ज्योत बुडत नव्हती, पण काजळी धरून खाली बसली होती, आणि कपाटाच्या वरच्या अर्ध्या भागात धूर धुक्यासारखा अडकून होता. खालचा भाग स्वच्छ, वर धूर. मी तिथं उभी राहून आमच्या स्वयंपाकघराच्या धुराड्याकडं पाहिलं. धुराडं वर असतं. खाली चुलीचं तोंड, वर धुराडं. एक बुजवलं की दुसरं फुकट. हे मला सकाळीच माहीत होतं. जाऊबाईंच्या शब्दापुढं मी अर्धं काम केलं होतं.

"सळई," मी सूनबाईला म्हटलं.

"वर न्हाय," जाऊबाई म्हणाल्या.

"डोक्यावर पाडत नाही. बाजूच्या फळीला, छताच्या खाली. माळांच्या मागं. दिसणारसुद्धा नाही."

"मी पत्रा धरणार न्हाय."

"नका धरू." मग मी मागं न बघता म्हटलं, "सूनबाई, पत्रा धर."

मुलगी जागची हलली नाही. एकदा माझ्याकडं, एकदा त्यांच्याकडं. सळई चिमट्यात थंड होत चालली होती. खरं सांगते, त्या क्षणी मला स्वतःचा राग आला. माझा हट्ट पुरा करायला मी त्या पोरीला दोघींच्या मधे उभं केलं होतं. आत ठिणगी पडली तर पत्रा कुणाच्या हातात होता हेच सगळ्यांच्या लक्षात राहिलं असतं.

जाऊबाईंनी खसकन पत्रा उचलला. "आण हिकडं. पोरीचा हात कापतोय, घटावर पाडंल."

वरची भोकं पडायला वेळ लागला. कमरेत वाकून सळई आडवी दाबायची, आणि जाऊबाईंना माळांच्या मागं पत्रा सरकवायचा. एक जुनी माळ तुटून पडली, ती त्यांनी वरच्या वर झेलली. घट हलला नाही. भोकं झाल्यावर त्या भोकांपुढं मी हात धरला. तळहाताला कोमट वारा लागला, धुराचा वास असलेला. आत जायला वाट, बाहेर यायला वाट. दार लावलं. ठिपके स्वच्छ पिवळे झाले. पण आता नवीन खोट. खालून येणाऱ्या वाऱ्यानं ज्योत एकसारखी हलत होती. ठिपके जमिनीवर नाचत होते.

"आता वाऱ्यानं जाईल," मी म्हटलं. माझाच धीर सुटत चालला होता.

सूनबाई फुटक्या रांजणाची एक खापरी घेऊन आली आणि लांबूनच माझ्यापुढं धरली. मी ती भोकांच्या आणि समईच्या मधे उभी केली. वारा तिला आपटून बाजूंनी वर गेला. ज्योत सरळ झाली, आणि ती खापरीच्या काठाहून उंच असल्यामुळं ठिपकेही दिसत राहिले.

जाऊबाई रोजच्यासारखा तांब्याभर पाणी घेऊन आल्या. पत्रावळीच्या उजव्या बाजूनं ओतायला त्या वाकल्या आणि थांबल्या. बुरशी तिथंच होती. दोन दिवस पाणी त्याच घालत होत्या, त्याच बाजूनं, भरपूर, कारण देवीला कमी पडू नये. त्यांनी ते बघितलं. मी बघितलं. त्यांनी ओंजळभर पाणी डाव्या बाजूला शिंपडलं आणि तांब्या तसाच भरलेला परत नेला.

संध्याकाळपर्यंत मी त्या खोलीत किती वेळा गेले ते विचारू नका. आमचे हे कचेरीतून आले तेव्हा म्हणाले, "काय झालं?" मी म्हटलं, "अजून काही झालं नाही." नवरात्रात आमच्याकडं बाजेवर झोपत नाहीत. जाऊबाईंनी आपली वाकळ त्या खोलीतच, कपाटापुढं अंथरली. मला वाटलं होतं मी अंथरीन. पण मी तसं म्हटलं असतं तर त्यांना वाटलं असतं की मी दिवा गेल्यावर गुपचूप पुन्हा लावीन. म्हणून मी बाहेरच्या खोलीत झोपले, म्हणजे पडले. भिंतीला कान लावून माणूस झोपत नाही.

सकाळी उजाडायच्या सुमारास आत गेले. जाऊबाई वाकळेवर उठून बसल्या होत्या, पदर डोक्यावर. जमिनीवर ठिपके होते.

"जळतोय," त्या म्हणाल्या.

मी दार उघडलं. वाफ नव्हती. छत कोरडं. डाव्या बाजूचे गहू उभे, करडई उभी, हरभऱ्यानं डोकं काढलेलं. उजव्या बाजूची जवारी गेलेलीच होती, तिच्यात आता काही जीव येणार नव्हता. बुरशी वाढली नव्हती, एवढंच.

"आर्धा घट गेला," जाऊबाई म्हणाल्या. "पोराला सांगावं लागंल."

"अर्धा राहिला, बाई. तेही सांगा."

त्या वाकळेची घडी घालू लागल्या. त्या काय सांगतील हे मला कळत नव्हतं, आणि ते त्यांनाही ठरवता आलं नव्हतं असं मला वाटतं. त्यांनी ठरवायची वाट बघण्यात अर्थ नव्हता. मी समईत तेल घातलं, काजळी काढली, सूनबाईला चहा ठेवायला सांगितला, पायात चपला घातल्या आणि मोटारअड्ड्याकडं निघाले. मुलाला आणायला मी कधी जात नसे. तो येतो आपला.

मोटार उशिरा आली. अड्ड्यावर मी उभीच राहिले, बसवत नव्हतं. मुलगा उतरला, हातात केळीचा घड, कपड्यांची पिशवी. मला बघून दचकला.

"आई? तू इकडं? मोठी आई बरी आहे ना?"

"बरी आहे. चल. वाटेत सांगते. आणि मी सांगून होईपर्यंत मधे बोलू नकोस."

मी सगळं सांगितलं. कपाट कसं ठोकलं, दिवा कसा गेला, चिंध्या, शेण, पाणी कुणी घातलं, भोकं कुठं पाडली, आधी अर्धंच काम कसं झालं, अर्धा घट कसा गेला. माझं चुकलं तेही सांगितलं, कारण ते नंतर दुसऱ्या कुणाकडून कळण्यात फायदा नव्हता. तो खाली बघत चालत होता. आम्ही किल्ल्याच्या दरवाजापर्यंत आलो. मी मनाशी म्हटलं, हा आता विचारणार, मोठी आई काय म्हणते.

"तिला कुणी बोललं का फार?" त्यानं विचारलं.

"कुणाला?"

"तिला," तो म्हणाला, बायकोचं नाव न घेता, आणि केळीचा घड या हातातून त्या हातात घेतला.

"थोडं बोललं. रडली नाही."

तो अजून काहीतरी विचारणार होता, पण आम्ही गल्लीत वळलो आणि मला समईच्या तेलाची आठवण झाली. मी त्याला म्हटलं, पाय उचल, आणि घरी गेल्यावर आधी आत जाऊन दिवा बघ, मग कुणाचं काय ऐकायचं ते ऐक. तो पुढं झाला. मी मागून चालले.